एक्स आणि वाय शुक्राणूंमधला एपिजेनेटिक फरक: किती खरा, कितपत कामाचा

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारी ठाण्यात एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान शिकते आणि तिच्या घरी मुरबाडला एचएफ (हॉल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. तिला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. कालवड देणारे (एक्स) आणि गोऱ्हा देणारे (वाय) शुक्राणू यांच्यात गुणसूत्राखेरीज एपिजेनेटिक फरक, म्हणजे डीएनएची अक्षरं तीच असताना त्याच्यावरच्या आणि सोबतच्या खुणांचा फरक, असतो का? बाजारात मिळणाऱ्या सेक्स्ड सीमेनच्या (एक्स-वाय वेगळे केलेल्या वीर्याच्या) कांड्या वापरून तो प्रबंधासाठी मोजता येईल का? आणि घरच्या दोन गाईंना सेक्स्ड कांडी भरली, दोन्ही उलटल्या (गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या), त्यावर विक्रेत्याने "हा एपिजेनेटिक परिणाम आहे" असं सांगितलं, त्यात तथ्य किती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो, पण फार थोडा, आणि तुम्ही शोधताय तिथे नाही" असं आहे. ते का, हे एकदा नीट समजलं की उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी निर्विवाद फरक घेऊ. एक्स गुणसूत्र वायपेक्षा मोठं असतं, त्यामुळे एक्स शुक्राणूत डीएनए थोडा जास्त भरतो. हॉल्स्टीनमध्ये ही तफावत ३.९८ टक्के, जर्सीत ४.२४ टक्के आणि ब्राह्मण या झेबू (वशिंड असलेल्या) जातीत ३.७३ टक्के मोजली गेली आहे. आज जगात विकली जाणारी बहुतेक सेक्स्ड कांडी एवढ्याच फरकावर उभी आहे. शुक्राणूंना होश्ट ३३३४२ हा रंग देतात आणि थेंबाथेंबाने अतिनील लेझरसमोरून नेतात. ज्याची चमक जास्त तो एक्स. इथली अडचण अशी की वळूच्या शुक्राणूचं डोकं चपट्या वल्ह्यासारखं असतं. ते लेझरसमोर सपाट बाजूने आलं तर चमक खरी मोजली जाते. कडेने आलं तर त्या बाजूला चमक इतकी कमी-जास्त होते की ४ टक्क्यांचा फरक त्यात बुडून जातो. म्हणून या यंत्रात डोकं वळवून आणणारी खास नळी आणि ९० अंशांवर दुसरा संवेदक असतो. रक्तपेशी किंवा कर्करोगपेशी वेगळ्या करणारा प्रयोगशाळेतला साधा सेल सॉर्टर हे काम करू शकत नाही, त्यामुळे "आमच्या संस्थेत सॉर्टर आहे, त्यावर एक्स-वाय वेगळे करू" हा विचार सोडून द्या.

आता एपिजेनेटिक्स. शुक्राणूत याचे तीन थर पाहायचे: डीएनएवर चिकटलेले मिथाइल गट, डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो ती हिस्टोन-प्रोटामिन प्रथिनं, आणि शुक्राणूसोबत जाणारे लहान आरएनए. या तिन्ही थरांना एकच प्रश्न विचारा: ही खूण नेमकी कधी उमटते? त्या क्षणी पेशीत एक्स आणि वाय दोन्ही होते, की एकच होतं?

मिथाइल गटांचा आराखडा मुख्यतः वळू गर्भात असताना, त्याच्या मूळ जननपेशींमध्ये बसतो. त्या पेशींत एक्स आणि वाय दोन्ही असतात. पुढे अर्धसूत्री विभाजनात एका पेशीच्या चार होतात, दोघींना एक्स मिळतो, दोघींना वाय. पण इतर २९ गुणसूत्रांवरच्या खुणा विभाजनाआधीच बसलेल्या असतात. त्या वाटताना कोणाला एक्स मिळणार आणि कोणाला वाय, याच्याशी त्या खुणांचा काहीच संबंध नसतो. त्यामुळे अलिंगी (एक्स-वाय सोडून इतर) गुणसूत्रांवर एक्स आणि वाय शुक्राणूंमध्ये मिथायलेशनचा, म्हणजे मिथाइल खुणांचा, मोठा, पद्धतशीर फरक सापडेल अशी अपेक्षा धरायला जैविक आधारच कमी आहे. कोणी शेकडो ठिकाणी ठळक फरक सापडल्याचं सांगत असेल, तर आधी नमुन्याच्या शुद्धतेवर आणि वळूंच्या संख्येवर शंका घ्यावी.

फरक पडायला खरी खिडकी विभाजनानंतरची आहे, गोल स्पर्मॅटिडची (अजून शेपूट न फुटलेल्या कच्च्या शुक्राणूची) अवस्था. इथे एका पेशीत फक्त एक्स असतो आणि शेजारणीत फक्त वाय. पण तिथेही दोन गोष्टी फरक पुसत राहतात. विभाजनादरम्यान एक्स आणि वाय दोन्ही गुणसूत्रं जवळपास गप्प केली जातात आणि नंतरही त्यांतली मोजकीच जनुकं पुन्हा बोलू लागतात. शिवाय या पेशी एकमेकींपासून पूर्ण सुटलेल्या नसतात. त्यांच्यात पेशीद्रव्याचे पूल असतात आणि त्या पुलांवरून आरएनए आणि प्रथिनं इकडून तिकडे जातात. एक्सवरच्या जनुकाचं उत्पादन वाय पेशीलाही मिळतं. वाय शुक्राणू एक्सविना चालतो, पोहतो, फलन करतो, तो याच देवाणघेवाणीमुळे. पण सगळंच वाटलं जात नाही. काही आरएनए जिथे तयार झाले तिथेच राहतात. एक्स-वायमध्ये खरा फरक असेल तर तो या न वाटलेल्या उत्पादनांत.

याचं सर्वात ठोस उदाहरण हिरोशिमा विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये उंदरात दाखवलं. टीएलआर-७ आणि टीएलआर-८ ही दोन जनुकं एक्सवर असतात आणि त्यांची प्रथिनं एक्स शुक्राणूंतच राहतात, एक मुख्यतः शेपटीत, दुसरं मधल्या भागात. रेसिक्विमॉड हा पदार्थ त्यांना डिवचतो आणि एक्स शुक्राणूची ऊर्जानिर्मिती मंदावते. तो मरत नाही, फक्त संथ होतो. वर पोहून आलेल्या शुक्राणूंनी आयव्हीएफ केल्यावर सुमारे ९० टक्के भ्रूण नर निघाले. २०२० मध्ये याच गटाने उंदीर आणि गाईच्या भ्रूणांसाठी याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली.

यंत्राविना स्वस्त वर्गीकरणाच्या आशेला यातून बळ मिळतं, पण दुग्धव्यवसायाच्या दृष्टीने यात एक मोठी अडचण आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. या पद्धतीत वर येतो तो वाय. आपल्याला हवा असलेला एक्स खाली राहतो, आणि खाली त्याच्यासोबत मेलेले, अर्धमेले आणि जन्मतः दुबळे वाय शुक्राणूही असतात. म्हणजे गोऱ्ह्यांसाठी शुद्ध माल मिळवणं सोपं आणि कालवडींसाठी अवघड. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाच्या नरांच्या कत्तलीवरही बंदी आहे. मुरबाड-शहापूरच्या गोठ्यात संकरित गोऱ्हा हा वर्षानुवर्षं पोसायचा खर्च असतो. आपल्याकडे गरज नेमकी अवघड बाजूची आहे.

हेही लक्षात घ्या की टीएलआरचा फरक म्हणजे मिथाइल खुणांचा फरक नव्हे. गुणसूत्र वेगळं म्हणून त्यावरचं जनुक वेगळं, आणि त्याचं प्रथिन वाटलं गेलं नाही, एवढंच. प्रबंधात या दोन गोष्टी एकत्र करू नका.

हिस्टोन-प्रोटामिनचा थर पटकन संपवतो. वळूच्या शुक्राणूत बहुतेक हिस्टोन जाऊन त्यांच्या जागी प्रोटामिन-१ येतं, थोडे हिस्टोन मागे राहतात. ही अदलाबदल लांबट स्पर्मॅटिडमध्ये होते, तेव्हा जनुकांचं काम थांबत आलेलं असतं. एम.एस्सी.च्या मुदतीत आणि खर्चात या थरावर एक्स-वाय तुलना करण्याच्या फंदात पडू नये.

आता दुसरा प्रश्न, बाजारातल्या कांड्या वापरून मोजणी. इथे सविस्तर लिहितो, कारण इथेच प्रबंध फसतात.

तुम्हाला एक्सची सेक्स्ड कांडी मिळेल आणि त्याच वळूची साधी कांडी मिळेल. वायची कांडी आपल्याकडे सहज विकत मिळत नाही. मग तुलना होते ती "एक्स विरुद्ध साधी" अशी. हिशोब करून पाहा. सेक्स्ड कांडीत ९० टक्के एक्स, १० टक्के वाय. साध्या कांडीत दोन्ही ५०-५०. समजा एखाद्या जागी शुद्ध एक्स आणि शुद्ध वायमध्ये मिथायलेशनचा फरक १० टक्के आहे. ९०-१० आणि १०-९० अशा दोन वर्गीकृत नमुन्यांत तो ८ टक्के दिसेल. तुमच्या तुलनेत फक्त ४ टक्के दिसेल. बायसल्फाइट सिक्वेन्सिंगमध्ये (मिथाइल खुणा वाचण्याच्या पद्धतीत) एका जागी ३० रीड्स (त्या जागेची स्वतंत्र वाचनं) असतील आणि मिथायलेशन ५० टक्क्यांच्या आसपास असेल, तर निव्वळ योगायोगाची चूकच सुमारे ९ टक्के असते. ४ टक्क्यांचा संकेत त्यात दिसणार कसा?

त्यावर दुसरं ओझं म्हणजे सेक्स्ड कांडीतले शुक्राणू रंगवलेले, पातळ केलेले, दाबाखाली नळीतून आणि लेझरसमोरून गेलेले असतात, आणि मेलेले आधीच वगळलेले असतात. साध्या कांडीत यातलं बरंचसं झालेलं नसतं. शिवाय दोन्ही कांड्या एकाच दिवशीच्या वीर्यापासून बनलेल्या असतात असंही नाही. जो फरक दिसेल तो लिंगाचा, हाताळणीचा की दिवसाचा, हे वेगळं काढता येणार नाही. वर्गीकरणाच्या हाताळणीने इम्प्रिंटेड जनुकांवर (आई किंवा बाप यांपैकी एकाचीच प्रत चालू असलेल्या जनुकांवर) परिणाम होतो का, हे २०१२ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी आयजीएफ-२ आणि आयजीएफ-२-आर या दोन जनुकांवर तपासलं होतं. त्यांना मिथायलेशन बदललेलं आढळलं नाही.

आराखडा बरोबर करायचा तर एकाच वेळच्या वीर्याचे तीन भाग हवेत: एक एक्स म्हणून वेगळा, एक वाय म्हणून वेगळा, आणि तिसरा रंगवून यंत्रातून नेलेला पण न निवडलेला. असे अनेक वळू हवेत आणि तुलना प्रत्येक वळूच्या आत व्हायला हवी. वळू-वळूमधला फरक, आणि एकाच वळूच्या वयानुसार होणारा बदल, एक्स-वायच्या फरकाला सहज झाकून टाकतो. दोन-तीन वळूंवर केलेल्या कामातून निष्कर्ष काढू नये. यासाठी वीर्यकेंद्राचं सहकार्य लागतं. राज्यात उरुळी कांचनला बाएफ या संस्थेकडे वर्गीकरणाची सोय आहे. तिथे मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र आणि लेखी आराखडा घेऊनच जावं, आणि परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रजनन विभागाला आधी दाखवून घ्यावं.

नमुना हाताळताना या गोष्टी चुकतात:

शुक्राणूतला आरएनए फार थोडा असतो, एका शुक्राणूत दहा-वीस फेम्टोग्रॅमच्या घरात. एका शरीरपेशीत सुमारे १० पिकोग्रॅम (१ पिकोग्रॅम म्हणजे १,००० फेम्टोग्रॅम), म्हणजे शेकडो पट. २० लाख शुक्राणूंच्या कांडीत २० फेम्टोग्रॅमने एकूण ४० नॅनोग्रॅम आरएनए होतो. त्यात फक्त ५,००० पांढऱ्या पेशी राहिल्या, म्हणजे संख्येने पाव टक्का, तर त्यांचाच आरएनए ५० नॅनोग्रॅम होईल. तुम्ही वीर्य नव्हे, रक्त मोजत बसाल. म्हणून अंड्याच्या बलकाचं द्रावण धुऊन काढल्यावर ०.१ टक्का एसडीएस आणि ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० च्या द्रावणात बर्फावर २० ते ३० मिनिटं ठेवा. शरीरपेशी फुटतात, शुक्राणूंची डोकी टिकतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, एकही गोल पेशी दिसली तर पुन्हा करा. आरएनएच्या कामात सीडी-४५ चा (पांढऱ्या पेशींच्या खुणेचा) संकेत येऊ नये. डीएनएच्या कामात एच-१९ या इम्प्रिंटेड जनुकाचा नियंत्रक भाग पाहा: शुक्राणूत तो जवळपास पूर्ण मिथायलेटेड असतो, शरीरपेशीत निम्मा. तो ९० टक्क्यांवर उतरला असेल तर नमुन्यात पाचव्या हिश्श्याइतका शरीरपेशींचा डीएनए आहे असं समजा आणि नमुना टाकून द्या.

डीएनए काढताना डीटीटी हे रसायन विसरू नका. प्रोटामिनमधले गंधकाचे बंध त्याशिवाय तुटत नाहीत आणि प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं विकर) रात्रभर ठेवूनही डोकी तशीच राहतात. "डीएनए फार कमी आला" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. एका शुक्राणूत सुमारे ३ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे २० लाखांच्या कांडीतून कागदावर ६ मायक्रोग्रॅम. धुणं, गाळणं यात बरंच जातं, पण बायसल्फाइटच्या कामाला एक कांडी सहसा पुरते. आरएनएला पुरत नाही, तिथे एकाच वळूच्या, एकाच तारखेच्या अनेक कांड्या एकत्र कराव्या लागतात. बायसल्फाइट रूपांतर ९९ टक्क्यांच्या वर आहे हे मिथायलेशन नसलेला लॅम्डा डीएनए मिसळून तपासा.

एक्स गुणसूत्रावरच्या जागांची एक्स-वाय तुलना करू नका. वाय शुक्राणूत एक्स नसतोच. वायच्या नमुन्यात एक्सचे जे रीड्स येतील ते भेसळीतल्या १० टक्के एक्स शुक्राणूंचे असतील. म्हणजे तुम्ही एक्सची तुलना एक्सशीच कराल आणि "फरक नाही" असं लिहाल. तुलना फक्त अलिंगी गुणसूत्रांवर, आणि एक्स-वायला सामाईक असलेल्या छोट्या टोकावर शक्य आहे.

या एक्स रीड्सचा एक चांगला उपयोगही आहे. लांबीच्या प्रमाणात एक्सवरचे रीड्स भागिले अलिंगी गुणसूत्रांवरचे रीड्स, हे गुणोत्तर साध्या वीर्यात ०.५ च्या आसपास येतं आणि ९० टक्के शुद्ध एक्स नमुन्यात ०.९. शुद्धता सिक्वेन्सिंगमधूनच कळते, वेगळा खर्च लागत नाही. सिक्वेन्सिंग परवडत नसेल तर डिजिटल पीसीआरने (जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीने) वायवरचं आणि अलिंगी जनुक मोजा. अॅमेलोजेनिनचा साधा पीसीआर, ज्यात एक्सची पट्टी २८० आणि वायची २१७ बेसची येते, भ्रूणाचं लिंग ओळखायला उत्तम आहे. पण शुक्राणूंच्या मिश्रणात टक्केवारी सांगायला तो पुरेसा नाही, कारण पीसीआरमध्ये लहान पट्टी मोठीपेक्षा जोरात वाढते.

माझा स्पष्ट सल्ला: विषय बदला. सेक्स्ड कांड्यांची शुद्धता डिजिटल पीसीआरने आणि वितळल्यानंतरचं आयुष्य ३७ अंशांवर ०, १, २ आणि ३ तासांनी शुक्राणूंची हालचाल मोजून, साध्या कांड्यांच्या तुलनेत तपासा. वेगवेगळ्या वळूंच्या कांड्या घ्या. हा विषय एका वर्षात होतो, त्याची आकडेवारी विश्वासार्ह येते आणि ठाणे जिल्ह्यातल्या पशुपालकांना ती थेट उपयोगी पडते. गीर, डांगी किंवा कोकण कपिला यांसारख्या देशी जातींचे नमुने मिळाले तर अधिक चांगलं. झेबू गाईंमध्ये एक्स-वायचा डीएनए फरक कमी असल्याने वर्गीकरण अधिक कठीण जातं, आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीममध्ये स्वदेशी सेक्स्ड सीमेन तंत्रज्ञानाची सुरुवात झाल्यापासून देशी जातींच्या अशा कांड्या वाढत जाणार आहेत. मात्रेमागे सुमारे २०० रुपये कमी होतील असं तेव्हा सरकारने सांगितलं होतं. स्वस्त झालेल्या कांडीचा दर्जा गोठ्यापर्यंत टिकतो का, हे कोणीतरी मोजायलाच हवं.

आता घरच्या गाई. दोन कांड्या, दोन्ही उलटल्या. सेक्स्ड कांडीचा गाभण राहण्याचा दर ३५ टक्के धरला, तरी दोन्ही उलटण्याची शक्यता ०.६५ गुणिले ०.६५, म्हणजे ४२ टक्के. ३० टक्के धरला तर ४९. नाणेफेकीच्या जवळ जाणाऱ्या घटनेला एपिजेनेटिक कारण शोधायची गरज नाही, आणि विक्रेत्याने ते सांगून तुमची दिशाभूल केली. खरं कारण साधं आहे: साध्या कांडीत सुमारे २ कोटी शुक्राणू असतात, २० लाखांच्या सेक्स्ड कांडीत त्याचा दहावा हिस्सा, आणि त्यांना वर्गीकरणाचा मार बसलेला असतो. ते कमी वेळ जगतात. त्यामुळे साध्या कांडीला चालून जाणाऱ्या चुका सेक्स्डला चालत नाहीत. ४० लाखांच्या नव्या कांड्यांमध्ये हा फरक कमी झाला आहे. पुढच्या वेळी मात्रा विचारून घ्या.

वेळ सर्वात महत्त्वाची. साधी कांडी माज सुरू झाल्यावर १२ तासांच्या सुमारास भरतात. सेक्स्ड कांडी १६ ते २४ तासांच्या दरम्यान भरावी, कारण बीज साधारण २८ ते ३० तासांनी सुटतं आणि या शुक्राणूंना वाट पाहायला वेळ नाही. आता "सकाळी ६ ला माज दिसला" याचा अर्थ तो ६ ला सुरू झाला असा नाही. रात्री १० ला गाय शांत होती का, हे माहीत असेल तर तो मधल्या वेळात सुरू झाला असं धरा आणि त्याच संध्याकाळी ६ ते रात्री १० मध्ये भरा. माहीत नसेल तर त्या गाईला सेक्स्ड कांडी वापरूच नका. मे आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या दमट उकाड्यात मुका माज खूप दिसतो, सोट (माजाचा चिकट स्राव) पडतो पण गाय दुसरीला चढू देत नाही. ते दोन महिने साधी कांडी वापरा किंवा थांबा. गाय निवडताना तंदुरुस्त कालवड किंवा एक-दोन वेतांची, जार न अडकलेली गाय घ्या. दोनदा उलटलेल्या गाईवर सेक्स्ड कांडी वाया जाते.

कांडी वितळवताना समोर उभं राहा. द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधून कॅनिस्टर (कांड्या ठेवलेला डबा) मानेच्या दव गोठलेल्या रेषेवर येता कामा नये, आणि ८ सेकंदांत कांडी बाहेर यायला हवी. सापडली नाही तर कॅनिस्टर खाली सोडून थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. पाणी थर्मामीटरने मोजलेलं ३५ ते ३७ अंश, कांडी ४५ सेकंद. हातात चोळून किंवा खिशात ठेवून वितळवलेली कांडी परत करा. बाहेर काढून पूर्ण पुसायची, पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू फुटतात. एका वेळी एकच कांडी, आणि वितळल्यापासून ५ मिनिटांत गर्भाशयमुखाच्या लगेच पलीकडे, गर्भाशयाच्या मुख्य भागात सोडायची. शिंगात खोल सोडल्याने खात्रीचा फायदा होत नाही, इजा मात्र होऊ शकते.

कल्याणहून मुरबाडला येणाऱ्या ३ लिटरच्या कंटेनरमध्ये नायट्रोजन किती उरला आहे, हे काठी बुडवून पाहण्याचा आग्रह धरा. एकदा पातळी खाली जाऊन पुन्हा भरलेल्या कंटेनरमधली कांडी बाहेरून नव्यासारखीच दिसते. कांडीवरचा वळूचा क्रमांक, केंद्राचा संकेत आणि तारीख वहीत उतरवून घ्या, आणि गाईच्या १२ अंकी बिल्ल्यावर भारत पशुधन या सरकारी संगणकीय नोंदवहीत नोंद झाली का ते त्याच वेळी पाहा. पुढे एखाद्या वळूच्या किंवा तारखेच्या कांड्या सातत्याने उलटल्या तर तक्रारीला आधार राहतो. आणि कालवडींऐवजी एखादा गोऱ्हा झाला म्हणून फसवणूक समजू नका: ९० टक्के शुद्धतेच्या कांड्यांतून झालेली दहाच्या दहा वासरं कालवडी असण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के असते.